पाण्यातल्या दिव्यांचा रंग आधी ठरवा

अनंत चतुर्दशीच्या रात्री उशिरा मेहरूण तलावाच्या किंवा तापीच्या एखाद्या घाटावर उभं राहून पाण्याकडे बघा. काठावर मोठे फोकस लागलेले असतात, मिरवणुकीच्या गाड्यांवरचे रंगीत झोत पाण्यावरून फिरत असतात आणि या झगमगाटाच्या पलीकडे, वीस-पंचवीस हातांवर, नुसती काळी डोकी दिसतात. त्यातलं जीवरक्षकाचं कोणतं, मूर्ती घेऊन गेलेल्या कार्यकर्त्याचं कोणतं आणि कुणाला न विचारता हौसेनं आत शिरलेल्या पोराचं कोणतं, हे काठावरून सांगता येत नाही. एखादं डोकं दिसेनासं झालं तर ते बाहेर आलं की खाली गेलं, हेही कळत नाही. मग हाक जाते, "कोन शे रे तठे?" आणि ढोल-ताशांत ती हाक पाण्यापर्यंत पोचतच नाही.

जळगाव-धुळ्याच्या गणेश मंडळांचे कार्यकर्ते, गावोगावचे पट्टीचे पोहणारे आणि तापी-गिरणा-पांझरेच्या काठावरचे भोई व कोळी बांधव यांच्यासाठी हा लेख आहे. विषय एवढाच, की रात्री पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर एक छोटा दिवा असावा आणि त्या दिव्यावरून तो कोण आहे हे काठावर कळावं. हातातली बॅटरी आपल्याला दिसावं म्हणून असते. अंगावरचा दिवा आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून असतो. आपल्याकडे पहिल्याची सोय बहुतेक जण करतात, दुसऱ्याची जवळपास कुणी करत नाही.

समुद्रात रात्री बुडी मारणाऱ्यांना ही अडचण फार आधी आली आणि त्यांनी तिच्यावर साधा उपाय काढला. रात्रीच्या स्कूबासाठी उतरणाऱ्याकडे साधारण तीन दिवे असतात. एक हातातली मोठी बॅटरी, दुसरी राखीव, पहिली बंद पडली तर वापरायला. तिसरा बोटाएवढा दिवा पाठीवरच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बांधलेला असतो. यालाच मार्कर लाइट म्हणतात. त्याची जागा विचार करून ठरवलेली आहे. हातातली बॅटरी माणूस जिकडे वळेल तिकडे वळते. तो एखाद्या कपारीत डोकावला की मागून येणाऱ्या सोबत्याला तिचा उजेड दिसत नाही. सिलिंडरच्या माथ्यावरचा दिवा मात्र मागून, बाजूनं, वरून दिसत राहतो. पाण्याखाली चेहऱ्यावर मास्क आणि अंगावर काळा सूट चढल्यावर सख्खे भाऊसुद्धा एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून गटातल्या प्रत्येक जोडीला वेगळा रंग देतात आणि प्रशिक्षकाचा रंग सगळ्यांहून निराळा ठेवतात. बोटीवर बसलेला माणूस पाण्यातले रंग मोजत असतो. स्वच्छ पाण्यात आठ माणसं उतरली असतील तर वरूनही आठ ठिपके दिसायला हवेत.

आपण ही पद्धत जशीच्या तशी उचलायची नाही, कारण आपलं पाणी वेगळं आहे. समुद्राच्या नितळ पाण्यात दिवा बराच लांबून दिसतो. भाद्रपदात तापीला उतरलेल्या काळ्या मातीच्या गढूळ पाण्यात तोच दिवा हात-दोन हात खाली गेला की गडप होतो. मातीचे कण उजेड अडवतात आणि चहूकडे विखरून टाकतात. पाण्याखालच्या माणसाच्या पाठीवर कितीही भारी दिवा बांधला तरी काठावरच्याला तो दिसणार नाही. म्हणजे आपल्याकडे दोन वेगळ्या गरजा आहेत. डोकं पाण्याबाहेर ठेवून काम करणाऱ्यांसाठी अंगावरचा दिवा, आणि खाली बुडी मारणाऱ्यासाठी पाण्यावर तरंगणारा दिवा. दोन्हींबद्दल सविस्तर सांगतो, पण आधी रंगाचं बोलू, कारण चूक नेमकी तिथेच होते.

मंडळाच्या बैठकीत रंग ठरवायला घेतला की पहिला हात लाल रंगाला जातो. लाल म्हणजे धोका, लाल लांबून दिसतो, असं आपण धरून चालतो. पाण्यात ते खरं नाही. पाणी सगळ्यांत आधी लाल रंगच शोषून घेतं. स्वच्छ समुद्रातही पहिल्या काही मीटरमध्ये लाल रंग विझत जातो. शिवाय अंधाराला सरावलेला माणसाचा डोळा हिरवट उजेड चटकन पकडतो, लाल त्याला मंद वाटतो. निळा रंग नितळ समुद्रात सगळ्यांत खोल जातो, पण गढूळ, पिवळसर पाण्यात निळाही मरतो. आपल्या नद्यांच्या पावसाळी पाण्यात त्यातल्या त्यात टिकतो तो हिरवा आणि पिवळा. आणखी एक अडचण काठावर असते. पोलिसांची गाडी, रुग्णवाहिका, अग्निशमनाचा बंब यांचे लाल-निळे दिवे घाटावर सतत फिरत असतात आणि पाण्यात त्यांचं प्रतिबिंब पडतं. लाल किंवा निळा दिवा लावून पाण्यात गेलेला माणूस त्या प्रतिबिंबांत हरवतो.

म्हणून माझी शिफारस अशी. जीवरक्षकांना हिरवा, एकसारखा जळणारा. तराफ्याबरोबर किंवा मूर्तीबरोबर पाण्यात जाणाऱ्या कार्यकर्त्यांना पिवळा, तोही एकसारखा. बोटीवर उंच काठीला पांढरा, चारी बाजूंनी दिसेल असा. आणि लुकलुकणारा दिवा कुणालाच नको. लुकलुकता पांढरा दिवा फक्त संकटासाठी राखून ठेवायचा. प्रत्येक जीवरक्षकाजवळ तो बंद अवस्थेत असेल आणि बुडणारा हाती लागला किंवा स्वतःला मदत हवी झाली तरच तो सुरू होईल. रात्री बुडी मारणाऱ्यांतही हाच रिवाज आहे. सतत लुकलुकणारा दिवा सोबत्याच्या डोळ्यांना त्रास देतो, अंतराचा अंदाज चुकवतो, म्हणून तो संकटासाठी किंवा बोटीच्या नांगराचा दोर दाखवण्यासाठी ठेवतात. आपल्याकडे तर मिरवणुकीतलं अर्धं आकाश लुकलुकत असतं. त्यात स्थिर जळणारा ठिपका उठून दिसतो.

रंगावर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं प्रत्येक गावात असतात, पुरुषांत बायकांपेक्षा खूप जास्त असतात, आणि त्यांतल्या कित्येकांना ते स्वतःलाही ठाऊक नसतं. हिरवा आणि पिवळसर हे त्यांना अंधारात सारखेच वाटू शकतात. काठावर मोजायला बसलेला माणूस नेमका असा निघाला तर सगळी व्यवस्था कोलमडेल. यावर उपाय म्हणजे रंगाबरोबर संख्याही वेगळी ठेवायची. जीवरक्षकाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक, असे दोन दिवे. कार्यकर्त्याचा एकच, डोक्यामागे. दोन ठिपके शेजारी शेजारी हलताना दिसले की तो जीवरक्षक, एवढं रंग न ओळखताही कळतं. यात आणखी एक फायदा आहे. दोन ठिपके आडव्या रेषेत असतील तर माणूस सरळ उभा तरंगतोय. ते एकावर एक आले, किंवा त्यांतला एक वारंवार दिसेनासा व्हायला लागला, तर काहीतरी बिनसलंय, बोट वळवा.

दिवा कुठे बांधावा यावर लोक फार विचार करत नाहीत. मनगटाला बांधतात, कारण ते सोपं. पोहताना मनगट सतत पाण्याखाली जातं, दिवा उघडझाप करतो आणि लुकलुकल्यासारखा दिसतो. छातीवर बांधला तर माणूस काठाकडे पाठ करून निघाला की अंधार. चांगल्या जागा दोनच. लाइफ जॅकेटचा खांदा, किंवा पोहायच्या टोपीची मागची बाजू, कानांच्या रेषेच्या वर. समुद्रावरच्या जहाजांसाठी सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यानुसार लाइफ जॅकेटवरच्या दिव्याचा उजेड किमान 0.75 कँडेला हवा आणि तो 8 तास टिकायला हवा. दिवा लुकलुकणारा असेल तर मिनिटाला 50 ते 70 वेळा लुकलुकावा. पाऊण कँडेला म्हणजे साधारण एका मेणबत्तीपेक्षाही कमी. माणूस दाखवायला फार प्रखर दिवा लागत नाही, हे त्यावरून लक्षात यावं. उलट फार प्रखर दिवा शेजाऱ्याचे डोळे दिपवतो. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झोतानं ती कमाई जाते. कपाळावर बांधायच्या हेडलाइट पाण्यातल्या माणसांना देऊ नका, असं मी त्याचसाठी म्हणतो. ज्याच्याकडे बघून बोलाल त्याच्याच डोळ्यांत झोत जातो.

दिव्याबरोबर चमकपट्टीही लावा. सायकलवर, ट्रकच्या मागे लावतात ती उजेड परत फेकणारी पट्टी. लाइफ जॅकेटच्या खांद्यावर आणि टोपीवर तिचे तुकडे शिवून घेतले की दिवा बंद पडला तरी बोटीवरची बॅटरी फिरवताच माणूस चमकतो. तिला सेल लागत नाहीत.

आता मोजणाऱ्याचं. सगळे दिवे आणले, बांधले, पण ते मोजायला कुणी बसलंच नाही, तर पैसे पाण्यात गेले. प्रत्येक घाटावर एक माणूस असा हवा, की ज्याच्याकडे दुसरं कोणतंही काम नाही. तो फोटो काढणार नाही, आरती म्हणायला जाणार नाही, पाहुण्यांचं स्वागत करणार नाही. त्याला शक्य तितकी उंच जागा द्या, पण फोकसच्या मागे. फोकस त्याच्या डोळ्यांसमोर आला तर पलीकडचं काही दिसायचं नाही. त्याच्या हातात पाटी किंवा पुठ्ठा. त्यावर नाव, दिव्याचा रंग, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. माणूस पाण्यात शिरण्याआधी त्याच्यासमोर येऊन दिवा लावून दाखवणार आणि बाहेर आल्यावर त्याच्यासमोरच विझवणार. दर पाच मिनिटांनी त्यानं मोठ्यानं मोजायचं, म्हणजे शेजारचे दोघंतिघं ऐकतील आणि चूक झाली तर सांगतील. पाटीवर सात आणि पाण्यात सहा, असं झालं की शिट्टी. आधी शिट्टी, चौकशी नंतर. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही वर करत नाही. श्वास घेण्याच्याच धडपडीत असतो आणि कधी आपल्या हाती मिनिटभरही नसतं. "चहा प्यायला गेला असेल" या वाक्यात ते मिनिट निघून जातं. मोजणारा दर तासाला बदला, कारण पाण्यावरचे ठिपके बघत राहिलं की नजर थकते. बदलताना दोघांनी मिळून एकदा मोजायचं आणि मगच पाटी हातात द्यायची.

हे काम वयस्कर माणसाला द्यावं, असं मला वाटतं. गावात एखादे निवृत्त शिक्षक असतात, एखादे काका असतात ज्यांचं तरुण पोरं ऐकतात. दिवा न लावता पाण्याकडे निघालेल्या कार्यकर्त्याला दंडाला धरून मागे आणायला अधिकार लागतो.

खाली बुडी मारणाऱ्यासाठी तरंगता दिवा लागतो, असं वर म्हटलं. तो घरी करता येतो. खाद्यतेलाचा पाच लिटरचा पांढरट, अर्धपारदर्शक कॅन घ्या. आतून साबणानं नीट धुऊन पूर्ण वाळवा. एक छोटा एलईडी दिवा सुरू करून दोऱ्यानं आत सोडा, दोऱ्याचं टोक झाकणात दाबून झाकण घट्ट आवळा आणि वरून चिकटपट्टी गुंडाळा. अख्खा कॅन उजळतो, आणि नुसत्या दिव्याच्या ठिपक्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. कॅनच्या मुठीला नायलॉनची दोरी बांधा. ती दोरी खाली बुडी मारणाऱ्याच्या हातात. तो खाली सरकेल तसा कॅन वर सरकतो आणि काठावरच्याला तो नेमका कुठे आहे ते कळतं. दोरीला दोन-तीन हिसके म्हणजे वर ओढा, असं आधी ठरवून घ्या. कॅन करून झाला की बादलीत दाबून धरून बुडबुडे येतात का ते बघा, आणि रात्रभर तसाच तरंगत ठेवून सकाळी आत ओल आली का ते तपासा.

पण ही दोरी हातात धरायची, कमरेला गाठ मारायची नाही. हे मी जोर देऊन सांगतो. साचलेल्या पाण्यात गाठ सुटायला वेळ मिळतो. वाहत्या पाण्यात दोरी बाभळीच्या फांदीत, जुन्या पुलाच्या दगडांत किंवा आधीच्या विसर्जनाच्या सांगाड्यात अडकली तर प्रवाहाचा सगळा जोर माणसाला खाली दाबून धरतो. वाहत्या पाण्यात बचाव करणारी प्रशिक्षित पथकं दोर वापरतात तेव्हा एका ओढीत सुटणारा पट्टा वापरतात. तो पट्टा तुमच्याकडे नसेल तर वाहत्या पाण्यात दोर बांधून कुणालाही उतरवू नका. आणि खरं सांगायचं तर पांझरा किंवा तापी भरून वाहत असेल तर रात्री बुडी मारायलाच नको.

पाणी किती वाहतंय, हे डोळ्यांवर सोडू नका. हतनूर धरणाला 41 दरवाजे आहेत. वर सातपुड्यात किंवा पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस झाला की त्यांतले काही उघडतात आणि खाली भुसावळपासून पुढे तापीची पातळी चढते. घाटावर पावसाचा थेंब नसतानाही चढते. गिरणा धरणाचं, पांझरेवरच्या अक्कलपाड्याचंही तसंच. विसर्जनाच्या दिवशी दुपारी आणि पुन्हा संध्याकाळी तहसील कार्यालयात किंवा पाटबंधारे विभागात विसर्गाची चौकशी करून ती पाटीच्या वरच्या ओळीत लिहा. काठावर पाण्याच्या रेषेला एक काठी रोवून तिलाही चमकपट्टी लावा. काठी बुडायला लागली की सगळे बाहेर.

विहिरीचा विषय वेगळा आहे, पण खान्देशात तो टाळून चालत नाही. मोटार अडकली, फूटव्हॉल्व्ह सुटला, जनावर पडलं, की रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यापासून शिंदखेड्याच्या कोरडवाहू शिवारापर्यंत रात्री-अपरात्री कुणीतरी विहिरीत उतरतं. शेतीची थ्री फेज वीज बऱ्याच ठिकाणी रात्रीच्या पाळीत येते आणि कित्येक शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. खाली माणूस असताना ती सुरू झाली, किंवा कुठे वायर उघडी असली, तर काय होईल ते सांगायला नको. उतरण्याआधी नुसता स्टार्टर बंद करू नका. फ्यूज काढा आणि ते उतरणाऱ्याच्या सोबत्यानं स्वतःच्या खिशात ठेवावेत. डिझेल इंजिन विहिरीत किंवा विहिरीच्या तोंडाशी चालू असताना उतरू नका, धुरातला विषारी वायू खाली साचतो. दिव्याचं सांगायचं तर विहिरीत मार्कर लाइट डोक्यामागे, वरच्या दिशेनं. काठावरच्याला खाली वाकून बघितलं की तो ठिपका दिसला पाहिजे आणि त्यानं तो नजरेआड होऊ द्यायचा नाही.

दिवे विकत घेताना खोक्यावरची खूण वाचा. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी झालेली. पृष्ठभागावर पोहणाऱ्याला ते चालून जातं, पण रात्रभर तीच वस्तू भिजत राहणार असेल तर आयपीएक्स 8 घ्या आणि किती खोलीपर्यंत चालेल ते कंपनीनं लिहिलंय का ते बघा. वॉटरप्रूफ एवढाच शब्द लिहिला असेल तर तो पावसापुरता समजा. सेल सहज बदलता येणारा दिवा घ्यावा, पण मोजकीच जोडणी असलेला. जितकी झाकणं जास्त तितक्या पाणी शिरायच्या जागा जास्त. झाकणाखाली रबराची बारीक कडी असते, ओ-रिंग म्हणतात तिला. तिच्यावर वाळूचा एक कण बसला तरी दिवा बुडाला. दर वेळी झाकण लावण्याआधी ती कडी बोटानं पुसा आणि नखभर सिलिकॉन ग्रीस फिरवा. विसर्जन आटोपलं की सेल काढून ठेवा. दिव्यात राहिलेले सेल फुटतात, त्यांचा क्षार आतली पितळी पट्टी खातो आणि पुढच्या वर्षी ऐनवेळी निम्मे दिवे लागत नाहीत.

जत्रेत मिळतात त्या मोडून पेटवायच्या प्लास्टिकच्या कांड्यांबद्दल बरेच जण विचारतात. 1960च्या दशकात अमेरिकेत या रासायनिक उजेडाचा शोध लागला आणि पुढे बुडी मारणाऱ्यांनीही तो मार्कर लाइट म्हणून वर्षानुवर्षं वापरला. कांडी वाकवली की आतली काचेची नळी फुटते, दोन रसायनं एकत्र येतात आणि आठ-दहा तास उजेड मिळतो. सेल नाही, बटण नाही, पाणी शिरायची भीती नाही. उष्णतेत ती जास्त उजळते पण लवकर विझते. तिच्यात खोट एवढीच की एका रात्रीत कचरा होते, आणि दोरा सुटला की सरळ तलावात जाते. ज्या मेहरूणमध्ये निर्माल्यही पडू नये म्हणून आपण काठावर कलश ठेवतो, तिथे प्लास्टिकच्या शेकडो कांड्या सोडायच्या नाहीत. राखीव म्हणून मोजक्या ठेवा, पाकीट ऐनवेळीच फोडा, आणि तिच्यातलं द्रव डोळ्यांत जाऊ देऊ नका. पोरं ती कात्रीनं कापतात, त्यांना आवरा.

बॅटरीनं करायच्या खुणा सगळ्यांनी एकदा घोकून घ्याव्यात. बुडी मारणारे जगभर याच वापरतात. बॅटरीनं सावकाश मोठं वर्तुळ काढलं म्हणजे मी ठीक आहे. समोरच्यानं तसंच वर्तुळ काढून उत्तर द्यायचं. बॅटरी भराभर आडवी हलवली म्हणजे संकट, इकडे या. बास, दोनच. याहून जास्त खुणा गोंधळात लक्षात राहत नाहीत. बॅटरी कुणाच्याही तोंडावर मारायची नाही. हातानं काही सांगायचं असेल तर स्वतःच्याच हातावर उजेड पाडून ते दाखवायचं.

एक गोष्ट दिव्यांनीही सुटणारी नाही, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. माणूस नुकताच पाण्याखाली गेला असेल, जागा माहीत असेल, तर रात्र असो की दिवस, जीवरक्षकानं जायचं. पण शोध लांबला, वाचण्याची आशा संपली आणि आता फक्त देह काढायचा आहे, तर उजाडेपर्यंत थांबा. काठावर आई-बाप रडत असतात, गाव जमलेलं असतं, पुढारी फोन करत असतात, आणि गावचा पाणबुड्या नाही म्हणू शकत नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी नाही म्हणायला हवं. मे 2024 मध्ये अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणाचा शोध घ्यायला धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी गेली होती. तिची बोट उलटली आणि तीन जवान गेले. ते प्रशिक्षित होते, साधनं घेऊन गेले होते, आणि वेळ सकाळची होती. ज्यांच्याकडे एक लंगोट आणि हिंमत एवढंच आहे, त्यांना आपण काळोखात गळ घेऊन उतरवतो, हे बंद झालं पाहिजे. अडचण आली की 112 वर किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 वर लगेच कळवा, रुग्णवाहिकेसाठी 108. तुकडी येईपर्यंत आपण एकच काम करायचं, माणूस शेवटचा दिसला ती जागा काठावर काठी रोवून आणि पाण्यावर उजळलेला कॅन नांगरून दाखवून ठेवायची. कॅनच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला दगड बांधला की झालं. आलेल्या पथकाचा बराच वेळ ही जागा ठरवण्यात जातो.

आता जे खऱ्या अर्थानं समुद्रात जाऊ इच्छितात त्यांच्याविषयी. अलीकडे जळगाव-धुळ्याची बरीच तरुण मंडळी सुट्टीत मालवणला जाऊन पाण्याखालचे फोटो काढून येतात. ती दिवसाची, प्रशिक्षकानं हात धरून घडवलेली बुडी असते. तेवढ्यावर अंदमानात स्वराज द्वीपला जाऊन रात्रीची बुडी मागू नका. आधी रीतसर अभ्यासक्रम करा. एमटीडीसीची स्कूबाची संस्था आपल्याच राज्यात, तारकर्लीला आहे. नंतर रात्रीच्या बुडीचं स्वतंत्र प्रशिक्षण घ्या. उतरण्याआधी बोटीवर तीन प्रश्न विचारा. माझ्या जोडीदाराच्या दिव्याचा रंग कोणता? प्रशिक्षकाचा कोणता? आणि बोटीवरचे दिवे वर येताना मला कसे दिसतील? बोटीच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, म्हणून हिरवा मार्कर लावलेला सोबती आणि बोट यांत गल्लत होऊ शकते. या तिन्हींची उत्तरं ज्याला चटकन देता आली नाहीत, त्याच्याबरोबर त्या रात्री उतरू नये. दिवसा पुन्हा विचारावं.

मंडळांनी तालमीसाठी रात्र निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येते, त्यामुळे ढग नसतील तर चांदणं असतं आणि सगळं सोपं वाटतं. भाद्रपदात ढग असणारच, असं धरून तयारी करा. पोळा अमावास्येला येतो, गणपती बसण्याच्या चार-पाच दिवस आधी. पोळ्याच्या दिवशी बैलांचं कौतुक असतं, त्या रात्री कुणी येणार नाही. पण आदल्या किंवा दुसऱ्या रात्री सगळ्यांना काठावर बोलवा. काळोख मिट्ट असतो. चार जणांना दिवे बांधून गुडघाभर पाण्यात पन्नास पावलं लांब उभं करा, काठावरचे सगळे दिवे आणि एखाद्या गाडीचे हेडलाइट लावा, स्पीकरही लावा, आणि मोजणाऱ्याला पाठमोरं उभं करून मग वळायला सांगा. कोण कुठे आहे, हे त्यानं नावानिशी सांगायचं. चुकलं तर रंग बदला, जागा बदला, पुन्हा करा. नावं बरोबर यायला लागली की दिवे पुसून, सेल काढून, प्रत्येकावर मंडळाचं नाव लिहून डब्यात ठेवा. डबा अध्यक्षांच्या घरी ठेवू नका, ते विसर्जनाच्या दिवशी सापडत नाहीत. मोजणाऱ्याच्या घरी ठेवा. नवरात्रात देवीच्या विसर्जनाला हाच संच पुन्हा लागणार आहे, तेव्हा राखीव सेलांची दोन पाकिटं आत्ताच त्यात टाका.